आहाराचा रकाना

नवनीत पाटलांनी पिकअपमधून साखळी काढली आणि धनुबाईच्या हातातलं भाकरीचं टोपलं हातातच राहिलं.

साखळी तिच्या ओळखीची नव्हती, पण टोकाला लोंबणारा पट्टा होता. हिरव्या काठाचा. नेमीचंद शेठजींच्या आसऱ्यातलं कुत्रं कुणाच्या घरी पाळायला निघालं, की तिथं कामाला असलेली धनुबाई आपल्या जुन्या लुगड्याचा काठ पट्ट्याला आतून शिवून द्यायची, मान सोलू नये म्हणून. हा पट्टा भुरीचा. दिवाळीच्या आधी याच पाटलांनी भुरीला ब्राह्मणपुरीच्या मळ्यावर नेलं होतं. शेठजींनी दोघांचा फोटोही काढला होता.

आज पाटील तिसरं कुत्रं न्यायला आले होते. पहिला काळू, मग भुरी. दोन्ही पळून गेली, असं दहा मिनिटांपूर्वी टेबलाशी सांगून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला होता. मग शेठजींनीही एक सोडला. शेठजी माणूस भला. शहाद्याच्या बाजारातलं धान्याचं दुकान सांभाळून, कापसाच्या जुन्या जिनच्या शेडमध्ये पदरमोड करून साठ कुत्री पोसायचे. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून सारखे खाली बघून चालायचे. त्या नादात समोरचं मात्र कधी दिसायचं नाही.

धनुबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि पट्टा हातात घेतला. बकल लावलेलं होतं. चौथ्या भोकात, तिनं स्वतः लावलं होतं तसंच. भुरीचं डोकं मोठं. बकल उघडल्याशिवाय तो पट्टा तिच्या मानेतून निघतच नसे. काठाचा मानेकडचा भाग वाळून कडक झाला होता, आणि हिरवा राहिला नव्हता.

"पाटील, भुरी कोठे शे?"

"सांगं ना माय, पयी गयी."

"बकल लाईसन पयी गयी का?"

पाटलांनी टेबलाकडे नजर टाकली. शेठजी फॉर्म भरण्यात गुंग होते. मग पाटलांनी आवाज खाली आणला. लाजले मात्र जराही नाहीत.

"बिबट्या लई गया. काळूले बी तोच लई गया. ऊस तुटी ऱ्हायना, लपाले जागा नही, मंग तो मळाकडे येस. गोठामा वासरं शेतस, आंगनमा मन्ही नात खेळस. बिबट्याले पहिले काहीतरी भेटाले पाहिजे ना, माय."

"म्हनीसन कुत्रं बांधतस?"

"उसना कडले बांधस. सुटं ठेवं तं ते घरकडे पयत येस, आनी तो त्यान्हा मांगे."

धनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुरी निघाली होती ती शेपूट हलवत. एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नव्हतं तिनं, तेव्हा धनुबाईला त्याचाच केवढा आनंद झाला होता! माणसाच्या हातून भाकरी खाल्लेलं कुत्रं बांधलं तर बसून राहतं. कुणीतरी सोडायला येईल म्हणून वाट बघतं. उसातून ते जनावर येताना दिसलं असेल, तेव्हाही भुरीनं घराकडेच बघितलं असेल. आणि आपण वेड्यासारखा काठ शिवत बसलो, मान सोलू नये म्हणून!

"गोठाले जाळी लाव ना मंग!" ती ओरडली. पाटलांना गावात कुणी एकेरी हाक मारत नसे. "नात एवढी लाडकी शे तं आंगनले जाळी लाव!"

"जाळीले पैसा लागस, माय," पाटील समजुतीनं म्हणाले. "कुत्रं आठे शेठजीकडे फुकट भेटस."

शेडच्या जाळीमागे आज निघायची तांबी उभी होती. पाटलांनी आल्या आल्या बिस्किट दिलं होतं, तेव्हापासून तिचं शेपूट थांबलंच नव्हतं. किती गुणाची कुत्री, आणि किती मूर्ख!

"पाटील, इकडे या," शेठजींनी हाक मारली. "एकच रकाना बाकी ऱ्हायना, आहारना. कुत्राले अंडं-मटन देवानं नही, बरं का. आपली तेवढीच अट शे."

"मन्हा घरमा कोनी अंडाले हात बी लावत नही, शेठजी," पाटील टेबलाकडे वळत म्हणाले. "तिले दूध-भाकर भेटी."

यात खोटं काहीच नव्हतं. काळूला आणि भुरीलाही दूध-भाकरच मिळाली असणार, आणि तीही पोटभर. शेठजींचा चेहरा उजळला. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात 'शाकाहारी' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि फोटोसाठी खिशातला मोबाईल काढला.

"धनुबाई, तांबीले आन."

धनुबाई शेडकडे गेली. तांबीनं जाळीतून नाक बाहेर काढलं. धनुबाईनं ते नाक आत ढकललं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि तरातरा टेबलाशी आली. हातातला पट्टा तिनं फॉर्मवर आदळला, बरोबर त्या वळणदार अक्षरावर. बकल अजून लावलेलंच होतं.

"शेठजी, तांबी काय खाई, ते लिखं तुम्ही," ती म्हणाली. "तिले कोन खाई, ते कोनता रकानामा लिखशात?"