गळती

सकाळी मोटारसायकलखाली तेलाचा डाग दिसला आणि नानांची कळी खुलली. लेकीने भंगारात काढायला सांगितलेल्या या म्हाताऱ्या गाडीत हात काळे करायला त्यांना निमित्तच हवं होतं.

त्यांनी इंजिन लख्ख पुसलं आणि बायकोचा पावडरचा डबा त्यावर रिकामा केला. तेल जिथून गळेल तिथली पावडर ओली होणार, साधा हिशोब.

"अरे गाढवा, माझी पावडर!" बायको बाहेर येत ओरडली. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना अरेतुरे करायची आणि नानांना ते जाम आवडायचं.

त्यांनी गाडी सुरू केली. पावडर कोरडी ठणठणीत. मग फरशीवरच्या डागातून एक थेंब सुटला आणि अलगद वर चढून इंजिनात शिरला. पाठोपाठ दुसरा.

"अगं, ही गळत नाहीये, पितेय!"

दोघं पोट धरून हसली. डाग आटत गेला. टाकीवरचा जुना पोचा भरून आला, इंजिनाचा आवाज कोवळा झाला.

"चल, एक चक्कर मारू!" नाना म्हणाले.

ती टुणकन मागे बसली. नानांनी सवयीने तिच्या पोटरीकडे पाहिलं. लग्नाआधी ती पहिल्यांदा या गाडीवर बसली, तेव्हा सायलेन्सरच्या चटक्याने तिथे कायमची खूण राहिली होती.

खूण नव्हती.

तिने त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात चटकन मागे घेतला आणि लाजून हसली.

"जरा हळू चालवाल ना तुम्ही? मी पहिल्यांदाच बसतेय."