हातोडी टेकेल तिथे

एकोणीसशे एक्क्याऐंशी हे जगभर अपंगांचं वर्ष, म्हणून शाळेच्या मास्तरांनी गळ घातली आणि कुडाळच्या गंगाराम लोहाराने बहिऱ्या नर्मदेला हाताखाली घेतलं. त्याची हातोडी ऐरणीवर टेकेल तिथे तिने घण घालायचा, हातोडी आडवी निजली की थांबायचं. माणसाच्या तोंडाकडे बघायचंच नाही, एवढीच शिकवण.

घरी तिला उठता लाथ, बसता बुक्की घालणारा भाऊ जयराम एके दिवशी तिथेच घुसला. नर्मदेच्या कानफटात मारून त्याने म्हाताऱ्याला भात्यावर ढकललं, त्याची हातोडी हिसकावली आणि वीतभर ऐरणीवर डावा पंजा रोवून शेजारी ती दाणदाण आपटू लागला.

"बहिऱ्या चेडवाक खंयचो धंदो शिकवतस, म्हाताऱ्या? हिका मी आत्ताच घराक व्हरतलंय!"

रक्ताळलेल्या ओठांनी नर्मदेने घण उचलला.

"जयरामा, हातोडी आडवी घाल रे!" गंगाराम जिवाच्या आकांताने ओरडला.

 

कान शाबूत असलेल्या जयरामाने हातोडी आपल्याच पंजाला खेटून पुन्हा आपटली, आणि नर्मदेने त्याच्या तोंडाकडे न बघता, शिकवल्याबरहुकूम, तिथेच घण घातला.