कोटाचं अस्तर

"कर्नलचा कोट तूच शिवतेयस म्हणे, वहिनी," दार लोटून घेत सायलस ब्रॅनफोर्ड म्हणाला.

टॅबिथाने नुसती मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या.

त्या हिवाळ्यात चार्ल्स्टनच्या सगळ्याच पुढाऱ्यांना अंगात घरी विणलेलं जाडंभरडं कापडच हवं होतं. उत्तरेतल्या गिरण्या जगाव्यात म्हणून वॉशिंग्टनने विलायती मालावर जबर जकात बसवली होती. हा कायदा आमच्या राज्यात चालणार नाही, असा ठराव दक्षिणेतल्या कॅरोलायनाने केला आणि जकातीचं कापड अंगाला लावील तो गद्दार ठरला. जाडंभरडं विणायला लागणारं सूत मळ्यांवरच्या गुलाम बायका कातत. त्यांच्या हक्कांवर मात्र कुणी भाषण ठोकत नव्हतं.

टॅबिथाचा नवरा जेरेमाया जकात भरून विलायती लोकर विकायचा. प्रत्येक ताक्याच्या कोपऱ्यावर टॅबिथा लाल दोऱ्याने मासोळी भरायची. ती दुकानाची खूण. पुढाऱ्यांचा म्होरक्या कर्नल ओल्डम याने भर चौकात जेरेमायाचं नाव घेऊन आग ओकली आणि दुसऱ्याच पहाटे दुकान पेटलं. जेरेमाया आतच जळाला. विझवायला सर्वांत आधी धावला तो त्याचा मित्र सायलस. "एकही ताका वाचला नाही, वहिनी," म्हणून तो तिच्या दारात रडला होता.

आता त्याने काखेतलं गाठोडं सोडलं. आत उंची विलायती लोकर होती. कर्नलच्या कोटात ही अस्तराखाली घाल, म्हणाला. पुढाऱ्यांच्या शनिवारच्या मेजवानीत सायलस तो कोट सगळ्यांसमोर फाडायला लावणार होता. कर्नल खुर्चीवरून उतरेल, जेरेमायाचा सूडही घेतला जाईल.

टॅबिथाने कापड उलगडलं, कडेकडेने बोट फिरवलं, दुमडून राहिलेल्या एका कोपऱ्याशी ते थबकलं, आणि तिने पुन्हा घडी घातली.

"कुठून आणलंत?"

"सव्हाना बंदरातून मागवलं. खास तुझ्यासाठी."

तिने कापड शिवणाच्या टोपलीत ठेवलं.

"मला ते समोर बसून बघायचंय," ती म्हणाली. "आणि भावजी, तुमचाही कोट मीच शिवते. मापं देऊन जा."

शनिवारी दुपारी भात झाला, कालवं झाली, मदिरेचे पेले भरले. वर गॅलरीत बायका बसल्या होत्या, त्यांत टॅबिथा. सायलस उठला आणि म्हणाला, कर्नलच्या अस्तराखाली विलायती कापड आहे; खोटा ठरलो तर माझा कोट फाडा.

कर्नलने कोट काढून टेबलावर टाकला. सुरी फिरली. आतबाहेर सगळं जाडंभरडंच होतं.

"आता तुमचा," कर्नल म्हणाला.

सायलसने हसत कोट दिला. अस्तर उसवलं तशी मऊसूत विलायती लोकर बाहेर आली. तिच्या कोपऱ्यावर लाल मासोळी होती. जेरेमायाच्या दुकानाची ती खूण गावात सगळेच ओळखत होते.

गॅलरीत टॅबिथा उभी राहिली.

"भावजी," तिने विचारलं, "एकही ताका वाचला नव्हता ना?"