ओटा की ॲव्हरेज

थोर माणसं एकांतात घडतात, असं म्हणतात. हा ऑडिटर मात्र बायको शेजारी आणि आई मागे बसलेली असताना, हायवेच्या सगळ्यात संथ लेनमध्ये घडत होता.

पणाला लागला होता ओटा. स्वयंपाकघरातला तडकलेला ओटा बदलायचं ठरलं आणि दारात हायब्रीड गाडी आली. तेव्हापासून बायको त्याच ओट्यावर पातेली आपटत होती. त्यात साडूंनी फोनवरून तेल ओतलं. "हायब्रीडची मिजास शहरात. हायवेवर सगळ्या गाड्या सारख्याच पितात." तेव्हा त्याने शब्द देऊन टाकला : साडूंच्या दारात पोचेपर्यंत ॲव्हरेज लिटरला तीस किलोमीटरच्या खाली आलं, तर गाडी विकून ओटा.

बायको त्यामुळे मोठ्या आशेने निघाली होती.

त्याने टपावरचं कॅरियर आदल्या दिवशीच उतरवलं होतं. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच तपासली होती. आता ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय असा होता, जसा तापाने निजलेल्या मुलाच्या कपाळावर हात. दूरवर लाल दिवे दिसले की तो पाय उचलायचा. ब्रेकची वेळच यायची नाही. गाडी आपसूक हळू व्हायची, बॅटरी भरायची आणि इंजिन गप्प बसायचं. इतकं समजूतदार बायकोच्या सासरी दुसरं कोणी नव्हतं.

रांगेत कोणी मध्ये घुसलं तर साहेबांना बोलवा म्हणणारा हा माणूस. त्याला आधी एका बसने मागे टाकलं, मग कोंबड्यांच्या टेम्पोने. त्याने दोघांनाही हसून वाट दिली.

"अगं, माझ्या कानांत दडे बसलेत," सासूबाई मागून म्हणाल्या.

"बरंच झालं की, आई. आता ॲव्हरेज ऐकावं लागणार नाही."

थोड्या वेळाने बायकोने स्वेटर काढला. सासूबाईंनी शाल काढली. निघताना रिकामी करून बूच घट्ट लावलेली पाण्याची बाटली सीटवर पडल्या पडल्या चेपत गेली. कोणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांचे डोळे आकड्यावर. बत्तीस. चौतीस. उकाड्याने जीव नकोसा झाला, तरी एसीच्या बटणाकडे गेलेला हात बायकोने स्वतःहून मागे घेतला. आपला माणूस एखादी गोष्ट इतकी मन लावून करतो, हे तिने बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"सदतीस!" ती म्हणाली. "अहो, राहू द्या तो ओटा. तडकलेल्या ओट्यावरही भाजी चिरता येते."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतानाही त्याने गाडीला धक्का बसू दिला नाही.

साडू बनियनवर फाटकात उभे होते. मागे समुद्र. त्यांनी खिडकीतून वाकून आकडा पाहिला आणि चक्क हात जोडले.

"मानलं बुवा!"

मग त्यांची नजर स्वेटरवर गेली. शालीवर गेली. चेपलेल्या बाटलीवर येऊन थांबली.

"पण काय हो, तुमचं गाव पार डोंगराच्या माथ्यावर ना? म्हणजे इथवर सगळा उतारच की!"

सासूबाईंचे कान नेमके तेव्हाच उघडले.

"जाताना बघू," बायको म्हणाली.

परतीचा रस्ता तोच होता.