सगळ्यात जुनी गिटार

दातांच्या डॉक्टरांनी चौथी बेस गिटार घरी आणली, तेव्हा बायकोने दारातच सांगितलं, "एक आत येणार असेल तर एक बाहेर जाईल. नाहीतर मी जाते."

मित्रांच्या बँडमधला ड्रमवाला म्हणाला, "वहिनींचं ऐक. तुला गाणी येतात तीन आणि गिटारी झाल्या चार."

डॉक्टरांनी मन घट्ट करून सगळ्यात जुनी गिटार विकायला काढली. अकरा वर्षं, दवाखाना बंद केला की ते रोज तासभर तिच्यावरच रियाज करायचे. दुसऱ्याच दिवशी कॉलेजात शिकणारी एक मुलगी ती बघायला आली. गिटार उलटसुलट न्याहाळून म्हणाली, "काका, जरा वाजवून दाखवता?"

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि अकरा वर्षांत जे काही कमावलं होतं, ते सगळं शेवटचं म्हणून जीव ओतून वाजवलं. थांबले तेव्हा त्यांनी गिटार हळूच मुलीच्या हातात दिली. मुलगी समाधानाने हसली.



"घेते मी, काका. मला अशीच हवी होती, कुणी फारशी न वाजवलेली."