पेट्रोल येतंय, ठिणगी नाही

"फिरवा किल्ली," लेक बॉनेटखालून म्हणाली.

बाबांनी फिरवली. इंजिन जरासं खोकलं आणि गप्प झालं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," म्हणत बाबा बाह्या सारून खाली उतरले. पेट्रोलची नळी सोडवून त्यांनी तारेने टोकरली, तर आतून कापडाचा बोळा निघाला. "हा इथं कसा शिरला?"

"उंदीर असेल."

उंदराला एवढी अक्कल असती तर त्याने गाडीच चालवली असती. पण बाबांनी मान डोलावली आणि हात पुसले. बोळा लेकीनेच कोंबला होता, सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर.

करणार काय? आई गेल्यापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते ते बसलेच. दाढी नाही, बोलणं नाही, ताटातलं चिवडून उठायचं. जन्मभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस स्वतःच बंद पडला होता. आता हेही आईच्या मागोमाग जाणार, या धास्तीने लेक बिनपगारी रजा टाकून माहेरी येऊन राहिली. कागदपत्रं, पाहुणे, औषधं, सगळं एकटीने निभावलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पोरगी खंबीर आहे हो, सगळे म्हणाले. तिची झोप उडाली होती आणि जेवणाची वेळ ती चहावर भागवत होती, पण स्वतःकडे बघायला तिला वेळ कुठे होता?

मग एकदा बाबा आपणहून उठले. गॅरेजमध्ये जाऊन, आईबाबांच्या लग्नाच्या वेळच्या जुन्या गाडीवरचं कापड त्यांनी ओढून काढलं. "ये गं, टॉर्च धर जरा!"

लेकीच्या जिवात जीव आला. टॉर्च धरता धरता तिच्या हातात पाना आला.

"नवी बॅटरीच घालू या ना," ती सुरुवातीला म्हणायची.

"म्हणजे आजार रेड्याला नि औषध पखालीला! आधी शोध, घोडं कुठं पेंड खातंय ते. पेट्रोल येतंय? ठिणगी पडतेय? मग पुढचं बोल."

ती शिकली. कोपरापर्यंत काळी झाली. आणि गाडी होत आली तशी तिला धडकी भरली. गाडी चालू झाली की काम संपणार, काम संपलं की बाबा परत खुर्चीत. म्हणून मग रोज काहीतरी खोडी. कधी वायर सैल, कधी नळीत बोळा. गंमत म्हणजे तिने एक बिघाड करावा, तर गाडी आपणहून दुसरा काढायची. वायर जोडावी तर कार्बोरेटर तुंबलेला. जुनं धूड ते, चालायचंच.

बाबा मात्र सुधारले. दाढी करू लागले, गुणगुणू लागले. "एकट्याला घास उतरत नाही, बस तूही," म्हणायचे. मग तीही बसायची, त्यांच्यासाठी. दिवसभर वाकून काम केल्यावर तिलाही पडल्या पडल्या झोप लागायची.

एकदा मागची सीट काढताना खाली आईची केसांची पिन सापडली. ती हातात धरून लेक तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. बाबांना त्रास होईल म्हणून घाईने डोळे पुसायला गेली, तर ते शेजारी बसले. "राहू दे," म्हणाले, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्या दिवशी तिला वाटलं, सुटलो आपण. बाबा आता खुर्चीत परत जायचे नाहीत. पुरे झाली लबाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कशालाही हात लावला नव्हता. सगळं जिथल्या तिथे, घट्ट.

"फिरवा किल्ली!"

इंजिन नुसतं गरगरलं, पेटलं नाही.

"आज तूच शोध," बाबा उतरत म्हणाले. "मी चहा टाकतो."

ती शिकल्याप्रमाणे एकेक पायरी तपासत गेली. बॅटरी ठीक. पेट्रोल येत होतं. ठिणगी नव्हती. तिने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत प्रत्येक प्लगला वीज वाटून देणारा बोटाएवढा रोटर असतो. तो जागेवर नव्हता.

झाकण बंद असताना रोटर आपणहून कुठे जाणार? चोराच्या मनात चांदणं. आपणच कधीतरी काढला आणि विसरलो, तिला वाटलं. तिने खिसे चाचपले, पेटी उपसली. आता बाबांना सगळं सांगून टाकायचं, बोलणी खायची नि मोकळं व्हायचं. असं ठरवून ती घरात आली.

बाबा स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरे उभे होते. चहा उकळत होता. फोन कानाला होता, दुसऱ्या हाताच्या बोटांत रोटर फिरत होता, आणि ते हळू आवाजात आत्याला सांगत होते, "हो ताई, रडली एकदाची. जेवते, झोपतेसुद्धा. पण इतक्यात नको गं, आणखी थोडे दिवस गाडी बंदच ठेवतो मी."