जेवण झालं का?

“काल आला?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

“आला. बरोबर एकला. आधी खाकरला, मग म्हणाला, ‘जेवण झालं का?’”

“आणि रविवारी?”

“रविवारी मी घरी असते. घरी नाही येत तो.”

बाईंनी मान डोलावली. आवाज यायचा तो कामावरच, तोही जेवणाच्या सुट्टीत, बाकी सगळे खाणावळीत गेल्यावर. सगळं अगदी जुळत होतं.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती शिलाईला बसायची. डबा एकटीने खायचा, की पुन्हा सुईदोरा. तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला वेळ होता! पाठीमागे लाकडी फळ्यांची भिंत, पलीकडे कागदाचं कोठार. कोठाराच्या दाराला कायम कुलूप. तिने तीनदा ओढून पाहिलं होतं. मग आवाज येणार कुठून? डोक्यातून. दुसरं काय!

थोरल्या बहिणीनेच तिला धरून इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, “वेड लागलेलं नाही. पण तुम्ही उंबरठ्यावर आहात. जुना घाव भरला नाही, तर पाऊल आत पडायला वेळ लागणार नाही.”

घाव बारा वर्षांपूर्वीचा. बाबांचा डबा घेऊन ती गोदामात गेली होती. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. डबा घेताना बाबांनी विचारलं, “जेवण झालं का?” ती हूं की चूं न करता वळली. दारापर्यंत पोचते न पोचते, तोच मागे छप्पर कोसळलं.

बाईंचा उपचार सरळ होता, सोपा मुळीच नव्हता. डोळे मिटायचे, आणि तो दिवस आत्ता घडतोय असं सांगायचं. पुन्हा सांगायचं. भीती दहापैकी किती, तेही बोलायचं. पहिल्यांदा दहा होती. ती ओक्साबोक्शी रडली. चौदाव्या आठवड्यात तीनवर आली.

“तेव्हा काय बोलायचं राहिलं?” बाईंनी विचारलं.

“एवढंसंच. ‘हो, झालं.’”

“मग आता बोलून टाका. मोठ्याने.”

दुसऱ्या दिवशी एक वाजला. कारखाना रिकामा झाला. खाकरणं आलं.

“जेवण झालं का?”

तिने डोळे गच्च मिटले. “हो बाबा, झालं!” ती जवळजवळ ओरडलीच. “आता नका विचारू!”

त्यानंतर आवाज आला नाही. एक आठवडा नाही, महिना नाही. डॉक्टर खूश, बहिणीचा जीव भांड्यात पडला. तीही खूशच होती. फक्त एकला डबा उघडताना हात उगीच रेंगाळायचा. आता विचारणारं कुणीच उरलं नव्हतं, भाससुद्धा नाही.

फळीच्या पलीकडे, मागच्या गल्लीच्या दाराने कोठारात येणारा नवा कोठारवाला गुडघ्यावर डबा घेऊन बसला होता.

“काय हो, हल्ली शेजारणीची चौकशी नाही?” हमालाने हळूच छेडलं.

“नको रे,” तो म्हणाला. “सात महिने रोज विचारत होतो. एकदाच बोलली, आणि ‘हो बाबा’ म्हणाली. एवढी कटकट होत असेल, तर कशाला विचारायचं माणसाने?”